यशोदाबाईचे पाच मंगळवार

धान कापून झालं की आठ-पंधरा दिवस हवेत एक वास राहतो. ओल्या तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ताज्या धसकटांचा, आणि त्याखालून बांधीत, भाताच्या खाचरात, उरलेल्या चिखलाचा. हा वास मला आवडायला हवा. भाताच्या गावांत माझी सगळी नोकरी गेली, लोकांच्या अंगणातले धानाचे पुंजणे, ते उंच ढीग, पाहत मी हिंडले, नव्या तांदळाचा पहिला भात कितीतरी घरांनी मला वाढला. पण हा वास आला की माझ्या तोंडाला कडवट चव येते. यंदाही आली. नागभीडजवळच्या उपकेंद्रात लसींचं रजिस्टर भरत बसले होते, बाहेर कोणाचा तरी थ्रेशर लागला होता, कोंडा उडत माझ्या टेबलापर्यंत येत होता. मी रजिस्टर झटकलं, खिडकी लावली, तरी वास आलाच.

लोकांना मोसम आठवतात ते आंब्यांचे, लग्नांचे, सुट्ट्यांचे. मला एक मोसम आठवतो तो मत्सराचा. सावली तालुक्यातल्या एका गावातला, कापणीपासून कडाक्याच्या थंडीपर्यंतचा. तसा मत्सर मी त्याआधी कधी केला नव्हता. कोणाच्या साडीचा, कोणाच्या नवऱ्याचा असा किरकोळ हेवा सगळ्यांनाच वाटतो, मलाही वाटला आणि विरलाही. पण त्या वर्षी मी अंगभर जळले, आणि जळले ती एका बैलावरून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी नर्स. उपकेंद्राची नर्सबाई, बदली होईल तिथे पेटी उचलून जाणारी. आम्ही कॅथलिक. वडील तेलुगू मुलखातून चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत कामाला आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, चर्चमध्ये दोन्ही. वडील गेले तेव्हा मला नुकतीच नोकरी लागली होती आणि माझा धाकटा भाऊ जोजी तेरा वर्षांचा होता. माझं लग्नाचं राहूनच गेलं. जोजीला मी वाढवलं असं आई चारचौघांत म्हणायची, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

वाढवलं म्हणजे काय, तर धाकात ठेवलं. काय शिकायचं, कोणाबरोबर हिंडायचं, केस किती कापायचे, सगळं मी ठरवत होते. तो बावीस वर्षांचा असताना वडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, उशिरा आला, आणि आला तो तोंडाला दारूचा वास घेऊन. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात, फादर आणि सगळी खाणीतली माणसं उभी असताना, मी त्याच्या मुस्काटात मारली. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असंही म्हणाले. रागाच्या भरात माणसं म्हणतातच असं. जोजीने गालाला हातसुद्धा लावला नाही. घरी जाऊन पिशवी भरली आणि गेला. कोणी म्हणालं तो मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या टोळीबरोबर दिसला, कोणी म्हणालं सिरोंच्याच्या पुलावर दिसला. फोन बंद. मी सावलीकडच्या त्या गावात बदलून आले तेव्हा त्याला जाऊन एक वर्ष झालं होतं.

बदलीच्या वेळी आईने तिच्याकडची संत अंतोनीची मूर्ती माझ्या पेटीत ठेवली. वीतभर उंचीची, प्लास्टरची. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोर, एका हातावर बाळ येशू. हरवलेल्या वस्तूंसाठी, हरवलेल्या माणसांसाठी आमच्यात याच संताला साकडं घालतात. तो स्वतः देत नाही. देणारा देव. पण आपलं म्हणणं घेऊन हा देवापुढे उभा राहतो, आपल्या वतीने मागतो. त्याची नोव्हेना असते, सलग नऊ मंगळवारांची. आईला आता गुडघे टेकवत नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, बरी आहेस का, असलं काही नाही. एकच प्रश्न, "किती मंगळवार झाले?"

मी ती नोव्हेना जशी करायची तशीच केली, हे मला इथे ठासून सांगितलंच पाहिजे. मंगळवारी दुपारी जेवायचं नाही. संध्याकाळी सहाला मेणबत्ती. प्रार्थनेतला शब्द खाली पडू द्यायचा नाही. एखाद्या मंगळवारी नेमकी बाळंतपणाची धावपळ झाली आणि प्रार्थना चुकली की पुढच्या आठवड्यापासून पुन्हा पहिला मंगळवार. तशी तीनदा मी पहिल्यापासून सुरुवात केली. असं कोणी सांगितलं नव्हतं, तो नियम माझाच होता. मला वाटायचं, इतकं चोख काम कोण करतं? संताला ते दिसत असणारच. माझ्या भक्तीत थोडा हजेरीपटाचा वास होता, हे आता कळतं.

माझ्या क्वार्टरसमोर यशोदाबाईचं घर. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, बोलायला लागली की हातातलं काम विसरणारी बाई. मी राहायला आले त्या दिवशी तिने वांग्याची भाजी आणली आणि माझी चूल, म्हणजे गॅसची शेगडी, कुठे ठेवायची तेही सांगून गेली. तिचा नवरा अबोल. दोन बैल, थोडी धानाची शेती. बैलांतला एक कपाळावर पांढरा ठिपका असलेला, म्हणून चांद्या. चांद्यावर तिचा जीव होता. नवऱ्याला ती एकदा हाक मारायची, चांद्याला तीनदा.

त्या वर्षी कापणी संपली, कापलेल्या धानाचे कडपे उचलून पुंजणे लागले आणि गुरं मोकळ्या बांध्यांत चरायला सुटली. एका रविवारी संध्याकाळी सगळी गुरं परतली, चांद्या परतला नाही. आमच्या त्या भागात बैल परतला नाही तर लोक बैल शोधायला आधी जात नाहीत, आधी वाघाचा माग पाहतात. माग सापडला होता म्हणे, नाल्याच्या कडेला. मंगळवारी संध्याकाळी मी मेणबत्ती लावून गुडघे टेकले होते, तेवढ्यात ती दारात येऊन बसकन बसली.

"नर्सबाई, चांद्या गेला जी माहा. सारे म्हंतेत वाघानं नेला."

मी प्रार्थना पुरी केली, मग उठून तिला पाणी दिलं. पाणी पिता पिता तिचं लक्ष मूर्तीकडे गेलं.

"हा कोन जी?"

"संत अंतोनी. हरवलेलं शोधून देतात."

हे मी का सांगितलं? दया आली म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मिरवायला सांगितलं. गावात सगळ्यांचे देव होते, जत्रा होत्या, मार्कंड्याच्या महादेवाला जाणं-येणं होतं, बौद्ध मोहल्ल्यात विहार होतं. माझ्याकडे वीतभर संत होता आणि दोन वर्षांत त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं.

"तुमचा देव?" तिने विचारलं.

"देव नाही. देवाजवळ आपल्यासाठी रदबदली करणारे."

"म्हंजे वळखीचा मानूस," ती म्हणाली. याहून सोप्या शब्दांत मला आमच्या फादरनीही कधी समजावलं नव्हतं. मग ती उठून मूर्तीजवळ गेली आणि निरखून पाहत राहिली. "हा तं ढोरकी हाय जी! कमरेले दावं गुंडालून हाय. लेकराले कडेवर घेऊन ढोरं चारते बिचारा. बायको मेली असन याची."

ढोरकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. मी घाईघाईने सांगू लागले की हे मोठे विद्वान साधू होते, प्रवचनं करायचे, कमरेचा दोर हा त्यांच्या पंथाचा, आणि ते बाळ म्हणजे येशू. तिने काही ऐकलं नाही. तिने पदर सावरला आणि त्याच्याशी थेट बोलायला लागली. चांद्याचा रंग सांगितला, शिंगं सांगितली, कोणत्या बाजूला चरायला जायचा ते हाताने दाखवलं. ढोरक्याला आणखी काय सांगायचं असतं?

नऊ मंगळवारांचं मी सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "नऊ हप्ते? तवरक बैल राहीन का जी?" मग तिने आपली सोय पाहिली. बुधवारी आली, गुरुवारी आली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, सोबत उदबत्ती, एक नारळ. शब्द दर वेळी वेगळे. मी बाजूला उभी राहून दात आवळत होते.

शुक्रवारी दुपारी चांद्या सापडला. वैनगंगेच्या बाजूला, दुसऱ्या गावच्या लाखोळीच्या शेतात. गळ्यातलं दावं बाभळीच्या झुडपात अडकलं होतं, पाच दिवसांत बरगड्या वर आल्या होत्या, पण जिवंत. यशोदाबाईने तो घरी न्यायच्या आधी माझ्या दारात आणला. बैलाला कुंकू लावलं, आत येऊन संताच्या कपाळालाही लावलं, आणि दारात उभ्या बैलाकडे बोट दाखवून मूर्तीला म्हणाली, "हाच जी. हाच व्हता."

मला आनंद झाला का? झाला. चांद्या वळून समोरच्या अंगणात जाईपर्यंत टिकला. मग मी दार लावलं आणि स्पिरिटचा बोळा घेऊन संताच्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागले. पुसता पुसता रडायला लागले. बैल! दोन वर्षं मी एका माणसासाठी गुडघे झिजवते आहे, आणि यांनी चार दिवसांत बैल शोधला. तेही अशा बाईसाठी, जिला हे कोण ते ठाऊक नाही, जी मधल्या वारी आली, जिने उदबत्तीची राख माझ्या टेबलक्लॉथवर पाडली.

ही गोष्ट गावात लपून राहिली असती तर नवल. पुढच्या आठवड्यापासून माझ्या ओसरीवर माणसं यायला लागली. ताप, खोकला, गोळ्या, आणि जाता जाता, "जरा आतमंदी जाऊन येऊ का जी?" कोणाची शेळी, कोणाचं आधार कार्ड, धान कापताना बांधीत पडलेली नाकातली खडी, एका म्हाताऱ्याची बत्तीशी. सगळं सापडायचं असं नाही. पण सापडलेल्याचाच बोलबाला होतो. खडी सापडली ती तणशीत. बत्तीशी सापडली नातवाच्या दप्तरात. मी रक्तदाब मोजत बसायचे आणि आतल्या खोलीत माझ्या संताचा दरबार भरलेला असायचा. त्याच्या पायाशी झेंडू, लाह्या, एकदा तर उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग. तपकिरी झग्यातला तो माणूस मला त्या दिवसांत लाचखाऊ वाटू लागला होता. असं म्हणणं पाप आहे हे ठाऊक होतं. पुढच्या कबुलीजबाबात मी ते फादरना सांगितलंही. बाकीचं मात्र सांगितलं नाही.

बाकीचं म्हणजे हे की मी मोजत होते. कोणाला किती दिवसांत मिळालं. मागणाऱ्या बाईने नीट विनवणी केली होती की उभ्या उभ्या. संध्याकाळी थंडी पडायची, बाहेर शेकोट्या लागायच्या, धुरात शेंगा भाजल्याचा वास असायचा, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिरातीच्या रिक्षा भोंगे वाजवत गावातून जायच्या. जग आपल्या आनंदात असायचं. मी आत बसून कोणाच्या विळ्याचा आणि कोणाच्या शेळीचा हिशोब करायचे. देवाचं प्रेम वाटल्याने कमी होत नाही, हे मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. पाठांतरात मी पहिली यायचे.

माझा नववा मंगळवार आला आणि गेला. रविवारी आईने विचारलं. मी म्हणाले, "झाले नऊ."  ती म्हणाली, "मग पुन्हा पहिला धर." त्याच दुपारी एक बाई नाचत आली, तिचा विळा सापडला होता. विळा! ती गेल्यावर मी संत अंतोनीला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आमच्या आजोळी तशी रीत आहे. संत ऐकत नसला की त्याला भिंतीकडे वळवायचं, काम झालं की पुन्हा सरळ करायचं. घरच्या माणसावर रुसावं तसं. माझ्या आजीने ते हसत हसत केलं असेल. मी मूर्ती इतक्या जोरात आपटली की झग्याच्या कडेचा टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई ताक घेऊन आली आणि दारातच थबकली. "काऊन जी? लेकरासंग भिताडाकडं तोंड करून उभं केलं? का केलं यानं?"

मला खोटं सुचलं नाही. मी सांगून टाकलं. भाऊ, मिस्सा, थप्पड, नऊ मंगळवार तीनदा, सगळं. दोन वर्षांत त्या गावात मी कोणाला जोजीचं नाव सांगितलं नव्हतं. ती खाली बसून ऐकत राहिली.  उठली, मूर्ती सरळ केली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि निघून गेली. ताकाचं भांडं तिथेच राहिलं.

मंगळवारी सहाला ती आली. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. म्हणाली, "आता माही बारी. तुमी नऊ केले, मी बी नऊ करीन. मंगळवारचेच करीन, मधात नाई येत."

माणसाला यावर काय वाटायला हवं ते मला माहीत आहे. मलाही आधी तेच वाटलं. पण ती मूर्तीपुढे बसून बोलायला लागली, जोजीची उंची मला विचारून त्याला सांगायला लागली, आणि मी मागे सरून उभी राहिले. तिचं ऐकलं तर? दुसऱ्या मंगळवारी तोच विचार. तिसऱ्या मंगळवारी तर मी तिच्या मागे उभी राहून अक्षरशः घाबरले होते. जोजी येईल, आणि यशोदाबाईच्या सांगण्यावरून येईल. गावभर होईल, यशोदेने नर्सबाईचा भाऊ आणला. आई तिच्या पाया पडेल. जोजीही म्हणेल, ताईच्या रडण्याने मी आलो नाही, परक्या बाईच्या बोलावण्याने आलो. मग मी केलेल्या सगळ्या मंगळवारांचं काय? त्याला मारणारी मी, हाकलणारी मी. निदान परत आणणारी तरी मीच असायला नको का?

चौथ्या मंगळवारी ती प्रार्थना करत असताना मी मनातल्या मनात संताला म्हणाले, हिचं ऐकू नका. ऐकायचं तर माझं ऐका, नाहीतर राहू द्या.

हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली.

पाचव्या मंगळवारी ती उठून निघाली तेव्हा मी तिला दारात थांबवलं. आवाज अगदी शांत होता माझा, आईबापांना लसीचा डोस समजावताना असतो तसा. म्हणाले, "यशोदाबाई, मला आधी माहीत नव्हतं. फादरना विचारलं. माणसासाठी ही प्रार्थना रक्ताच्या नात्यानेच करायची असते. बाहेरच्याने केली तर उलटं होतं. हरवलेला माणूस आणखी दूर जातो."

फादरना मी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

तिचा चेहरा पांढरा पडला. "अन् मी पाच केले जी," एवढंच म्हणाली. पायात चपला घालायच्या राहिल्या, तशीच अनवाणी समोर निघून गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही. नंतर ताक आणायची, भाजी आणायची, पण आतल्या खोलीत पाऊल टाकायची नाही. मला वाटलं, भ्याली, बरं झालं, विसरेल. दीड वर्षाने माझी बदली झाली. ती सामान चढवायला आली होती. मूर्ती असलेली पेटी मात्र तिने उचलली नाही.

जोजी अजून आलेला नाही. मी त्यानंतर किती नोव्हेना केल्या ते मोजणं सोडून दिलं. आई आता ऐकायला कमी येतं म्हणून फोनवर ओरडते, प्रश्न तोच. मध्ये एकदा मला वाटलं की बस झालं, आईला सांगून टाकावं की तो येणार नाही. पण तिचा श्वासच त्या मंगळवारांवर चालला आहे. आणि मी? मला खरंच वाटतं का अजून, की हा झगेवाला माझ्यासाठी देवापुढे जाऊन उभा राहतो? वाटतं. हेच तर अवघड आहे. वाटलं नसतं तर कोणाचा हेवा केला नसता.

या वर्षी तो वास खिडकीतून आला त्या संध्याकाळी मी गुडघे टेकले आणि शब्द पुढे जाईनात. सगळा विश्वास ज्यावर उभा आहे ती गोष्ट एवढीच, की आपल्यासाठी दुसऱ्या कोणी तरी मागावं. आपलं तोंड मागायच्या लायकीचं उरत नाही तेव्हाही मागावं. मी तो संत मानत होते आणि हाडामासाची, धुतलेलं लुगडं नेसून माझ्यासाठी मागायला बसलेली बाई मी दारातून परत पाठवली होती.

गेल्या मंगळवारी रजा टाकली आणि एसटीने गेले. गावात थ्रेशर लागले होते. यशोदाबाई अंगणात धान वाळवत होती, पायाने ओळी ओढत. मला पाहून हसली. केस पांढरे झाले होते, पुढचा एक दात गेला होता. चहा झाला. तिने विचारलं, "भाऊ आला का जी?" मी मान हलवली. तिने लगेच नजर खाली घातली, आणि त्या नजरेने माझा धीर सुटला. मी सांगितलं. फादरना विचारलं नव्हतं, असा काही नियम नाही, मला तुमचा हेवा वाटला म्हणून मी खोटं बोलले.

तिने हातातला कप खाली ठेवला.

"खोटं?"

"हो."

"मंग माह्यामुळं दूर नाई गेला तो?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे ते.

"सात वर्सं झाली नर्सबाई. दर शिवरात्रीले मी मार्कंड्याले जाऊन नाक घासून राह्यली. म्हनलं, देवा, त्या बाईनं मले घरात घेतलं अन् मी तिचा भाऊ दूर लोटला. पाच वेळा लोटला. घरच्याले बी नाई सांगतलं मी."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने माझा हात झटकला. चांगलीच संतापली होती. उठली, पायाने धान ओढायला लागली, एक ओळ, दुसरी ओळ, माझ्याकडे पाठ करून. सगळं अंगण झालं. मी ओट्यावर बसून राहिले. जायला सांगितलं असतं तर गेले असते.

मग ती थांबली. पाठमोरीच म्हणाली, "आज कोन्ता वार?"

"मंगळवार."

"मूर्ती आनली?"

"नाही."

"नसू द्या. त्याले ऐकू तं येते ना." ती हातपाय धुऊन आली, ओट्यावर माझ्याजवळ बसली. "मले शब्द याद नाई आता. मी माह्याच मनानं म्हनीन. तुमी मधात बोलू नका."

 ऊन कलत होतं. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. जोजीचं नाव तिला आठवत होतं, उंचीही आठवत होती. आता तो बत्तीस वर्षांचा असेल, जाडा झाला असेल, दाढी ठेवली असेल, हेही तिने संताला समजावून सांगितलं. ऐकता ऐकता माझ्या आत ती जुनी कळ पुन्हा उठली, खोटं कशाला बोलू? तेव्हाही उठली. माझ्या भावासाठी ही माझ्यापेक्षा चांगलं मागते, असं वाटून उठली.

आमच्यात एकाने विनवणी म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून एवढंच म्हणायचं असतं, आमच्यासाठी विनंती कर. इतकी वर्षं विनवणीही मीच म्हणत होते आणि मागचंही मीच. त्या दिवशी तिचं एकेक वाक्य संपलं की मी फक्त मागचं म्हणत गेले. आणि मध्येच कधीतरी, तिला ऐकू न जाईल अशा बेताने, आणखी एक म्हणाले. येऊ दे त्याला. हिच्या सांगण्यावरून का होईना, येऊ दे.